आधी पैलू, मग वजन

लग्नसराईत सराफाकडे गेलो की आपण दोनच प्रश्न विचारतो : वजन किती आणि भाव काय? सोन्याला ते पुरतात, हिऱ्याला नाही. बँकेत सोनेतारण कर्ज देताना आम्ही खड्यांचे वजन वजा करून निव्वळ सोन्याचीच किंमत धरत असू. ज्या खड्यांपायी गिऱ्हाइकाने पैसे ओतलेले असत, तेच तारणाच्या कागदावर शून्य! म्हणून खडा घेतानाच डोळे उघडे हवेत.

गोल, चौकोनी, थेंबासारखा हा झाला आकार. ती ज्याची त्याची आवड. पैलू हे मात्र कारागिराचे कसब. गोल ‘ब्रिलियंट’ हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात. त्यांचे कोन जमले तर वरून शिरलेला प्रकाश आत उलटून पुन्हा वरूनच बाहेर येतो. खडा फार खोल वा फार उथळ असला, तर तो कडेने किंवा तळातून निसटतो. एक कॅरट, म्हणजे २०० मिलिग्रॅम, भरला की भाव चढतो. त्यासाठी काही खडे पोटाशी जाड ठेवतात. असा खडा वरून लहान दिसतो, पैसे मात्र पूर्ण वजनाचे.

कोहिनूरला १८५२ साली लंडनमध्ये नव्याने पैलू पाडले, तेव्हा तो सुमारे १९१ कॅरटांवरून १०५.६ वर आला. तेजासाठी एवढे वजन घालवायची तिथे तयारी होती.

तेव्हा दुकानातल्या दिव्यांना भुलू नका. खडा दाराशी उजेडात न्या, हलवून पाहा. गोल हिरा असेल तर प्रमाणपत्रातली ‘कट’ची श्रेणी वाचा. वजन त्यानंतर विचारा.