हरकतीची मुदत संपण्यापूर्वी

केडगाव, प्रतिनिधी - रस्ता खोदला गेल्यावर तक्रार करणारे पुष्कळ असतात. तो कोठून जाणार हे ठरत असताना नकाशा पाहणारे मात्र मोजकेच. नगर-पुणे मार्गावरील केडगाव आज अहिल्यानगर महापालिकेच्या हद्दीत आहे. भोवतालच्या खेड्यांत ग्रामसभा भरते आणि गावातील प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो. महापालिकेच्या हद्दीत हा थेट अधिकार उरत नाही; मतदाराच्या वतीने नगरसेवक बोलतो.

ग्रामसभेचे सामर्थ्य दूर शोधावे लागत नाही. याच नगर तालुक्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी कूपनलिका घेण्यास बंदी केली, ऊस-केळीसारखी पिके नाकारली आणि पावसाच्या हिशेबावर पीकपद्धती ठरवली. शहरांसाठी २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली खरी, पण ग्रामसभेसारखी ती लोकांच्या अंगवळणी पडलेली नाही.

तरीही शहरवासीयांच्या हाती काहीच नाही, असे नव्हे. सर्वांत मोलाची संधी विकास आराखड्याची. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. मुदत त्या सूचनेतच दिलेली असते. मैदान, शाळा, रुग्णालय, रस्ता यांची आरक्षणे याच टप्प्यावर ठरतात. पुढे ती बदलणे अतिशय किचकट. 'आमच्यावर अन्याय झाला' एवढे लिहून भागत नाही. सर्वेक्षण वा गट क्रमांक, आरक्षणाचा क्रमांक, हरकतीचे कारण आणि पर्यायी जागा लिहावी, सुनावणीची मागणी करावी व आवक क्रमांकासह पोच घ्यावी. नियोजन समितीपुढील सुनावणीत हाच कागद उपयोगी पडतो.

अंदाजपत्रकाचेही तसेच. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यामुळे मार्चअखेर दिलेले निवेदन बहुधा फायलीतच राहते. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांनी सुचवलेली कामे अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली. तशी मागणी अन्य शहरांतूनही होऊ शकते.

या साऱ्याचा पाया माहिती. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या दीर्घ आंदोलनानंतर राज्याचा माहिती अधिकार कायदा २००३ मध्ये मार्गी लागला. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णतः लागू झाला. त्यातील कलम ४ फारसे कोणी वाचत नाही. महत्त्वाचे धोरण आखताना त्यासंबंधीची सर्व वस्तुस्थिती कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावी, तसेच धोरण ठरवताना जनतेशी विचारविनिमयाची काय व्यवस्था आहे तेही सांगावे, असे हे कलम बजावते. ती व्यवस्था कोणती, हा प्रश्न महापालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्याला विचारता येतो. राज्यात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क नाही.