आंदोलनात फडकणारा 'वन पीस'चा झेंडा: चाच्यांच्या या मंगामागे कोणत्या दंतकथा आहेत?

सप्टेंबर २०२५. काठमांडूत जेन-झी रस्त्यावर उतरली होती. पहिल्याच दिवशी किमान १९ जणांचा जीव गेला आणि दुसऱ्या दिवशी सिंहदरबार पेटला. तेव्हा जे फोटो व्हायरल झाले, त्यात गेटवर एक काळा झेंडा दिसत होता. हसणारी कवटी आणि तिच्यावर गवती टोपी. त्याच्या महिनाभर आधी हाच झेंडा इंडोनेशियात ट्रकांवर आणि घरांवर लागला होता. तिथल्या काही नेत्यांनी तर हा देशात फूट पाडायचा डाव आहे, असं म्हणून टाकलं.

आता हा झेंडा काही कुठल्या पक्षाचा नाही. तो आहे 'वन पीस' या जपानी मंगाचा हिरो मंकी डी. लुफीचा. ईइचिरो ओडा यांनी १९९७ मध्ये ही गोष्ट सुरू केली. पण चाच्यांच्या कॉमिकमध्ये असं काय आहे की पोरं त्याचा झेंडा घेऊन सरकारसमोर उभी राहतात?

उत्तर पात्रांमागच्या जुन्या गोष्टींमध्ये आहे. ओडा दंतकथा उचलतात, पण तशाच ठेवत नाहीत, उलट्या करतात. (पुढे स्पॉयलर आहेत, सांभाळून वाचा.)

खरे चाचे आणि आपला इसाप

सुरुवात खऱ्या इतिहासापासून. १७१८ मध्ये मारला गेलेला एडवर्ड टीच म्हणजेच ब्लॅकबिअर्ड हा जगातला सगळ्यात गाजलेला चाचा. ओडांनी त्याचं नाव दोघांत वाटलं. 'एडवर्ड' गेलं व्हाइटबिअर्डला, म्हणजे एडवर्ड न्यूगेटला. 'टीच' गेलं त्याच्याशी गद्दारी करणाऱ्या मार्शल डी. टीचला. झोरोचं 'रोरोनोआ' हे आडनाव सतराव्या शतकातला क्रूर फ्रेंच चाचा फ्रान्स्वा लोलोने याच्यावरून आलं.

उसोप मात्र आपल्या ओळखीचा आहे. जपानीत 'उसो' म्हणजे खोटं, आणि 'इसोप्पु' म्हणजे इसाप. तोच, इसापनीतीवाला. उसोप रोज गावात "चाचे आले, चाचे आले" म्हणून बोंबलतो. थोडक्यात, लांडगा आला रे आला. मग एक दिवस खरेच चाचे येतात आणि कुणी विश्वास ठेवत नाही.

इसापाची गोष्ट इथे 'खोटं बोलू नये' म्हणत संपते. उसोपची इथून सुरू होते. गावाने नेहमीसारखं शांतपणे उठावं म्हणून तो गुपचूप लढतो आणि नंतर कुणाला कळूही देत नाही. खोटारडा ठरलेला पोरगाच गाव वाचवतो.

हिरोचे प्राणी नौदलात

जपानमध्ये लहान मुलांना मोमोतारोची गोष्ट माहीत असतेच. पीच फळातून जन्मलेला एक मुलगा कुत्रा, माकड आणि फेझंट पक्ष्याला सोबत घेतो आणि राक्षसांच्या बेटावर, ओनिगाशिमावर, स्वारी करतो.

'वन पीस'मध्येही ओनिगाशिमा आहे. तिथे शिंगं असलेला काइदो राहतो. मोमोनोसुके नावाचा मुलगाही आहे, आणि 'मोमो' म्हणजे पीच. पण ते तीन प्राणी कुठे आहेत? अकाइनू म्हणजे लाल कुत्रा, किझारू म्हणजे पिवळं माकड, आओकिजी म्हणजे निळा फेझंट. हे तिघं नौदलाचे अ‍ॅडमिरल! त्यांच्या कोटावर 'न्याय' लिहिलेलं असतं. आणि यातल्याच अकाइनूने अ‍ॅडमिरल होण्याआधी ओहारा बेटावरून पळणाऱ्या सामान्य लोकांचं जहाज उडवून दिलेलं असतं.

याला एक खरा संदर्भही आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या नौदलाने मोमोतारोला प्रचाराला जुंपलं होतं. १९४५ मध्ये आलेला 'मोमोतारो: सेक्रेड सेलर्स' हा जपानचा पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट नौदलासाठीच बनला होता. त्यात प्राणी सैनिक आहेत, आणि शत्रू ब्रिटिशांच्या डोक्यावर शिंगं. ज्याला हरवायचं त्याला राक्षस करा, काम सोपं होतं. 'वन पीस'चं सरकारही नको असलेल्या प्रत्येकावर 'चाचा' असा शिक्का मारून डोक्यावर इनाम लावतं.

दोन देव, दोन ढोल

स्कायपिया बेटावर एनेल स्वतःला देव म्हणवतो. त्याच्या पाठीवर ढोलांचं कडं आहे. ही थेट रायजिनची, जपानच्या मेघगर्जनेच्या देवाची खूण. एनेलचा देव वरून वीज पाडतो आणि लोक खाली घाबरून जगतात.

२०२२ मध्ये १०४४ व्या चॅप्टरमध्ये ओडांनी बॉम्ब टाकला. लुफीचं रबराचं फळ मुळात सूर्यदेव निकाचं निघालं. त्याच्या हृदयाचे ठोकेच ढोलासारखे वाजतात. हा निका धाक दाखवत नाही, खदाखदा हसतो, 'टॉम अँड जेरी'सारखे डोळे बाहेर काढतो, जमिनीची चादर करून झटकतो. माकड, सूर्य आणि विसरलेली ताकद बघून आपल्याकडच्या फॅन्सना हनुमान आठवतो, ते साहजिक आहे. पण मंगात हनुमानाचं नाव येत नाही. तिथे निकाची ओळख एकच: गुलामांना मोकळं करणारा, त्यांना हसवणारा योद्धा.

डागावरचा सूर्य

गोष्टीतले गुलाम कुणाचे? तेन्र्युबितो नावाच्या खानदानी लोकांचे, जे स्वतःला जग घडवणाऱ्यांचे वंशज मानतात. ते गुलामांच्या अंगावर तापलेल्या लोखंडाने डाग देतात. फिशर टायगर या गुलामांना सोडवतो. पण डाग कसा पुसायचा? मग तो त्याच डागावर सूर्याचं चिन्ह डागतो आणि सगळ्या साथीदारांच्या अंगावरही तेच उमटवतो. आता कोण गुलाम होतं आणि कोण नव्हतं, हे बाहेरच्याला ओळखताच येत नाही. हीच टोळी 'सन पायरेट्स'.

मादागास्करच्या आंदोलनात पोरांनी झेंड्यावरच्या कवटीला गवती टोपीऐवजी तिथली स्थानिक टोपी घातली. कवटी ओडांची, टोपी त्यांची. शिक्का मारणारे कायम वरचेच असतात, पण त्या शिक्क्याचं पुढे काय करायचं, हे ज्याच्या अंगावर तो बसतो त्यालाही ठरवता येतं. 'वन पीस' वाचत मोठी झालेली पोरं नेमकं हेच त्यातून शिकली आहेत.