टेस्टचा आकडा घसरला की काम थांबलं पाहिजे : छोट्या सॉफ्टवेअर टीमसाठी आपोआप चालणारा पहारा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एक वाक्य बोललो होतो : "गुणवत्ता माणसाच्या आठवणीवर सोडू नका." तिथे वेळ कमी पडला, म्हणून तो विषय इथे नीट उलगडून सांगतो. तुम्ही सॉफ्टवेअर बनवून विकणार असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आणि दुकानासाठी, क्लाससाठी किंवा कारखान्यासाठी कुणाकडून सॉफ्टवेअर करून घेणार असाल, तरीही वाचा. कारण पैसे तुमचेच जाणार आहेत.

एका शनिवारची गोष्ट

आपल्या एका जुन्या बॅचमधला मुलगा. तीन जणांची टीम, कृषी सेवा केंद्रांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर. जून महिना, पहिला पाऊस झालेला. एका दुकानदार काकांनी शुक्रवारी संध्याकाळी फोन केला, "पाच हजारांच्या वर बिल झालं की दहा टक्के सूट द्यायचीय, उद्या बाजार आहे, तेवढं करून द्या."

मुलाने रात्री बसून बदल केला. सहा हजारांचं एक बिल काढून बघितलं. सूट ६०० रुपये, बिल ५,४००. बरोबर! रात्री साडेअकराला नवीन प्रत दुकानात चढवली आणि झोपला.

शनिवारी सकाळी नऊला काकांचा फोन. "अहो, मोठी बिलं निघतायत, पण बाकी कुठलंच बिल निघेना. स्क्रीनच बंद पडते." बाहेर बियाण्यासाठी रांग लागलेली. काकांनी कपाटातून जुनं बिलबुक काढलं आणि दुपारपर्यंत हाताने बिलं लिहिली. चूक दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली. पण वर्षाचा देखभालीचा करार काकांनी पुढे वाढवला नाही. एवढंच म्हणाले, "बाळा, तुझ्यावर राग नाही. पण बाजाराच्या दिवशी मला धाकधूक नको."

मुलगा मला म्हणाला, "सर, आमच्याकडे टेस्ट होत्या हो. फक्त या नवीन भागाची लिहायची राहिली." मित्रांनो, "राहिली" हा शब्द लक्षात ठेवा. सगळा लेख त्याच्याभोवती आहे.

टेस्ट म्हणजे काय, कव्हरेज म्हणजे काय?

टेस्ट म्हणजे प्रोग्राम तपासणारा छोटा प्रोग्राम. "सहा हजार दिले तर ५,४०० आले पाहिजेत" असं आपण एकदा लिहून ठेवतो. मग प्रत्येक बदलानंतर कॉम्प्युटर ते काही सेकंदांत तपासतो. कंटाळत नाही, विसरत नाही.

कव्हरेज म्हणजे या टेस्ट चालताना तुमच्या कोडच्या किती ओळी खरोखर चालल्या, त्याची टक्केवारी. दोन हजार ओळींपैकी ६८० चालल्या, तर कव्हरेज ३४ टक्के. म्हणजे ६६ टक्के कोड कुणी तपासलेलाच नाही. तो सगळ्यात आधी गिऱ्हाइकाच्या काउंटरवर तपासला जाणार!

पहारा यंत्राचाच का?

जपानच्या साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये एक स्वयंचलित माग तयार केला. धागा तुटला की तो माग आपोआप थांबायचा. त्यामुळे खराब कापड वारभर विणलंच जात नसे, आणि प्रत्येक मागापाशी एक माणूस डोळ्यांत तेल घालून उभा करायची गरज नव्हती. टोयोटाच्या कारखान्यांनी पुढे हेच तत्त्व जपलं : दोष दिसला की तिथेच थांबा, पुढे ढकलू नका.

सॉफ्टवेअरमध्येही अगदी हेच करता येतं. टीममधल्या कुणीही नवा कोड मुख्य प्रतीत मिसळायला पाठवला, की यंत्र सगळ्या टेस्ट चालवतं आणि कव्हरेज मोजतं. आकडा ठरवलेल्या किमान पातळीच्या खाली असेल, तर लाल खूण येते आणि कोड आत जात नाही. कुणाशी वाद नाही, कुणावर ओरडणं नाही. धाकट्या सहकाऱ्याला मालकाची टेस्ट राहिली हे तोंडावर सांगायला संकोच वाटतो. यंत्राला कसला संकोच?

कसं लावायचं?

हत्यारं बहुतेक फुकट आहेत. पायथॉनमध्ये काम करत असाल तर पायटेस्टबरोबर कव्हरेजचं जोडसाधन मिळतं. त्यात "इतक्या टक्क्यांच्या खाली गेलं तर नापास" अशी एक ओळ लिहायची. जावास्क्रिप्टमध्ये जेस्ट वापरत असाल, तर त्याच्या सेटिंगमध्ये ओळी, फंक्शन आणि फाटे यांची किमान मर्यादा वेगवेगळी देता येते. जावासाठी जाकोको आहे.

पण हे तुमच्या लॅपटॉपवर असून भागत नाही. ते गिटहब ॲक्शन्स किंवा गिटलॅबसारख्या ठिकाणी, प्रत्येक बदलाला आपोआप चाललं पाहिजे. आणि शेवटची कडी सगळ्यात महत्त्वाची : मुख्य शाखेला संरक्षण लावा आणि ही तपासणी "सक्तीची" म्हणून निवडा. ती निवडली नाही, तर लाल खूण दिसते पण दार उघडंच राहतं. खासगी प्रकल्पासाठी हे संरक्षण फुकटच्या प्लॅनमध्ये मिळतंच असं नाही, तेवढं आधी बघून घ्या.

आकडा किती ठेवायचा?

हा प्रश्न सगळे विचारतात. गूगलच्या टेस्टिंग ब्लॉगवर २०२० मध्ये त्यांनी ढोबळ मार्गदर्शन दिलं होतं : ६० टक्के चालण्यासारखं, ७५ कौतुकास्पद, ९० आदर्श. सोनारक्यूब नावाचं साधन नव्या कोडसाठी ८० टक्क्यांची अट सुरुवातीलाच लावून देतं.

पण तुमचा प्रकल्प आज ३४ वर असेल आणि उद्या तुम्ही ८० ची अट लावली, तर काय होईल? सगळं काम ठप्प. दोन दिवसांत वैतागून तुम्हीच ती अट काढून टाकाल. म्हणून दोन नियम करा.

पहिला : आज जो आकडा आहे तीच आजची किमान मर्यादा. ३४ असेल तर ३४. आकडा ४० झाला की मर्यादाही ४० करा. वर जायचं, खाली यायचं नाही.

दुसरा : नव्याने लिहिलेल्या किंवा बदललेल्या ओळींसाठी वेगळी, कडक मर्यादा. तिथे ८० ठेवायला हरकत नाही. जुनं कर्ज हळूहळू फेडा, पण नवीन कर्ज काढू नका. धंद्यात आपण हेच सांगतो ना?

चार खड्डे, जपून चाला

पहिला खड्डा : ओळ चालली म्हणजे तपासली गेली असं नाही. आपल्या मुलाच्याच कोडकडे बघा. "रक्कम पाच हजारांच्या वर असेल, तर सूट म्हणजे रकमेचे दहा टक्के. मग बिल म्हणजे रक्कम वजा सूट." त्याने सहा हजारांची टेस्ट लिहिली असती, तर सगळ्या ओळी चालल्या असत्या. कव्हरेज १०० टक्के! पण चार हजारांच्या बिलाला "सूट" ही किंमत कुठे ठरवलेलीच नव्हती, म्हणून तर प्रोग्राम बंद पडत होता. यावर उपाय म्हणजे फाट्यांचं कव्हरेज. "जर-तर"च्या दोन्ही वाटा चालल्या का, हे ते मोजतं. ते चालू केलं असतं, तर दुसरी वाट कोरी आहे हे रात्रीच दिसलं असतं.

दुसरा खड्डा : कागदी घोडे. आकडा गाठायचा म्हणून मुलं अशा टेस्ट लिहितात की फंक्शन चालवलं जातं, पण उत्तर बरोबर आलं का हे कुठेच तपासलं जात नाही. कव्हरेज वाढतं, भरवसा वाढत नाही. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो. त्याचा सारांश असा की मोजमापालाच ध्येय केलं, की ते चांगलं मोजमाप राहत नाही. म्हणून यंत्राबरोबर एक माणूसही लागतो. कोड वाचताना टेस्टही वाचा आणि विचारा, "कोड मुद्दाम बिघडवला तर ही टेस्ट ओरडेल का?"

तिसरा खड्डा : न मोजलेल्या फायली. काही साधनं फक्त टेस्टने हात लावलेल्या फायलीच मोजतात. ज्या फायलीला एकही टेस्ट नाही, ती हिशोबातच येत नाही. मग आकडा फुगलेला दिसतो. सगळा कोड मोजायचा आहे हे सेटिंगमध्ये स्पष्ट लिहा.

चौथा खड्डा : चांगल्या कामाला शिक्षा. समजा १,००० ओळींपैकी ८०० चाललेल्या आहेत, म्हणजे ८० टक्के. तुम्ही नको असलेल्या १०० ओळी काढून टाकल्या आणि त्या सगळ्या तपासलेल्या होत्या. आता ९०० पैकी ७०० उरल्या, म्हणजे ७७.८ टक्के. यंत्र नापास करणार! खरं तर न तपासलेल्या ओळी आधीही २०० होत्या, आताही २००च आहेत. अशा वेळी टीमने मिळून, कारण लिहून, मर्यादा तेवढ्यापुरती बदलावी. कारण लिहिणं विसरू नका.

मालकाला सूट नाही

त्या मुलाने हे सगळं लावलं. दोन महिन्यांनी एका रात्री त्याला स्वतःलाच घाई होती. लाल खूण आली. मुख्य खातं त्याचंच होतं, पहारा ओलांडून जायचा अधिकार त्याच्याकडे होता. तो मला म्हणाला, "सर, बोट बटणापर्यंत गेलं होतं. मग काकांचं बिलबुक आठवलं." त्याने अर्धा तास बसून टेस्ट लिहिली, आणि त्यात परत आलेल्या मालाच्या हिशोबातली एक चूक सापडली. दुसऱ्या दिवशी त्याने सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचाही तो अधिकार काढून टाकला.

मित्रांनो, तुमच्या टीममधली मुलं तुम्ही काय सांगता हे कमी ऐकतात, तुम्ही काय करता हे जास्त बघतात. मालक एकदा आडवाटेने गेला की महिन्याभरात तो हमरस्ता होतो.

तुम्ही सॉफ्टवेअर करून घेत असाल तर

कोड कळला नाही तरी चार गोष्टी करारात लिहून घ्या. कोडबरोबर टेस्टही ताब्यात मिळतील. प्रत्येक नव्या प्रतीबरोबर कव्हरेजचा अहवाल येईल. बिल, कर आणि पैशांचा हिशोब करणाऱ्या भागाला किमान मर्यादा जास्त असेल. आणि बाजाराच्या, सणाच्या आदल्या रात्री नवीन प्रत चढवली जाणार नाही. समोरचा "एवढं कशाला?" म्हणाला, तर शांतपणे विचारा, "मग बंद पडल्यावर दिवसाचा गल्ला कोण भरून देणार?"

आजचा गृहपाठ

एक : आज तुमच्या प्रकल्पाचं कव्हरेज मोजा. आकडा कितीही लाजिरवाणा असला तरी लिहून ठेवा.
दोन : तोच आकडा किमान मर्यादा म्हणून लावा आणि तपासणी सक्तीची करा.
तीन : जिथे चूक झाली तर गिऱ्हाईक जाईल, अशा एका भागाच्या दोन्ही वाटांची टेस्ट या आठवड्यात लिहा.

टेस्ट लिहायला वेळ लागतो, हे खरं आहे. पण गिऱ्हाईक गेल्यावर टेस्ट लिहिणं म्हणजे वरातीमागून घोडं. घोडं आधी बांधून ठेवा, वरात आपोआप नीट निघेल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. कामाला लागा!