खुर्च्या किती आणि माणसं किती?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

करसल्लागाराच्या धंद्यात महिन्यातल्या दोन तारखा फार वाईट. ११ तारखेपर्यंत विक्रीचं विवरणपत्र द्यायचं आणि २० तारखेपर्यंत कर भरायचा. २०१९ मधल्या अशाच एका १० तारखेला संध्याकाळी बोहरी आळीतल्या एका हार्डवेअरच्या व्यापाऱ्यांचा फोन आला. "साहेब, एकाच नंबरची दोन-दोन बिलं निघालीत हो. एक गेलंय कोथरूडला आणि दुसरं भोसरीला!"

एक-दोन नव्हे, महिनाभराची बिलं तशीच होती. आणि खरं सांगायचं तर चूक त्यांची नव्हती, माझी होती.

झालं होतं असं. दुकानात खाली बिलाचा काउंटर आणि वर माळ्यावर हिशेबनीस बसायचे. 'टॅली' कुठलं घ्यायचं, असं त्यांनी मला विचारलं. टॅलीचे मुख्य प्रकार दोन. सिल्व्हर हे एका संगणकासाठी. गोल्ड हे एका जागेतल्या, एकमेकांना जोडलेल्या कितीही संगणकांसाठी. तेव्हा सिल्व्हर १८,००० रुपयांना आणि गोल्ड ५४,००० रुपयांना मिळायचं, कर वेगळा. मी पुणेरी हिशेब केला. संगणक दोन, तर सिल्व्हरही दोन घ्या, म्हणजे ३६,००० मध्ये काम भागेल आणि १८,००० वाचतील.

हिशेब बरोबर होता, पण त्याचा प्रश्नच चुकला होता. संगणक किती, हे विचारून उपयोग नसतो. एकाच वहीत एकाच वेळी किती जणांना लिहायचं आहे, हे विचारायला हवं. दोन सिल्व्हर म्हणजे दोन वेगळ्या वह्या झाल्या. एकाच वहीवर दोघांना एकदम काम करता येईना, म्हणून त्यांनी वहीची नक्कल केली, दोन्हीकडे बिलं फाडायला सुरुवात केली आणि रोज रात्री पेनड्राइव्हवरून त्या जुळवत बसले. दोन्ही वह्यांत बिलाचा क्रमांक आपला आपण पुढे जात होता. जीएसटीच्या नियमांप्रमाणे बिलाचा क्रमांक आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. दोन मालिका ठेवल्या असत्या, म्हणजे काउंटरच्या बिलांना एक अक्षर आणि माळ्यावरच्या बिलांना दुसरं, तरी निभावलं असतं. तेही मी सुचवलं नव्हतं. भोसरीच्या गिऱ्हाइकाला त्याच्या खरेदीवरची कराची वजावट दिसेना, म्हणून त्यानं पैसे अडवले. ती रात्र मी आणि माझा मदतनीस त्या माळ्यावर चहा पीत बसलो होतो.

एक घोटाळा मला वारंवार दिसतो. "अहो, आम्ही यूजर चार केलेत की!" असं लोक सांगतात. सिल्व्हरमध्येसुद्धा चार नावं आणि चार पासवर्ड करता येतात. पण ती नावं म्हणजे दाराच्या किल्ल्या आहेत, आत बसायची खुर्ची मात्र एकच. कोणी काय पाहावं, कोणी काय बदलावं, हे किल्ली ठरवते. एका वेळी किती जणांनी बसावं, ते लायसन्स ठरवतं.

टॅलीच्या बाहेर गेलात, की आणखी एक भेद समोर येतो. काही लायसन्स माणसाच्या नावानं असतात आणि काही खुर्चीच्या हिशेबानं. पहिलं म्हणजे पीएमपीएमएलचा फोटो लावलेला पास. तुमचा पास तुमच्या भावाला चालत नाही. दुसरं म्हणजे वाचनालयातली खुर्ची. एक उठला की दुसऱ्यानं बसावं. मायक्रोसॉफ्टचं 'बिझनेस सेंट्रल' पहिल्या जातीचं आहे, तर त्याच घराण्यातलं जुनं 'नॅव्हिजन' एकाच वेळी बसणाऱ्यांच्या संख्येवर मिळत असे. चाकणच्या एखाद्या कारखान्यात तीन पाळ्यांत तीन माणसं एकाच टेबलावर बसत असतील, तर खुर्चीच्या पद्धतीत एक लायसन्स पुरतं आणि पासाच्या पद्धतीत तीन लागतात. विक्रेत्याशी भाव करण्याआधी हे विचारा.

शिवाय सगळ्यांना पूर्ण पास लागतोच असं नाही. सॅपच्या 'बिझनेस वन'मध्ये पूर्ण यूजर आणि मर्यादित यूजर असे प्रकार आहेत. फक्त गोदाम पाहणाऱ्याला मर्यादित प्रकार पुरू शकतो. ज्यांना नुसते अहवालच बघायचे असतात, अशा मालकांनाही महागडं लायसन्स गळ्यात मारलेलं मी पाहिलं आहे. मालकांचा मान म्हणून असेल!

पैसे वाचवायला एका पासवर्डवर सगळ्यांनी काम करायचं, हा उपाय मात्र करू नका. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक फेरफाराची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. भागीदारीला किंवा एकट्याच्या दुकानाला हे बंधन नाही. पण जिथे पाचही जण 'अॅडमिन' म्हणूनच शिरतात, तिथे ही नोंद कोणाकडे बोट दाखवणार? फुकटात मिळणाऱ्या चोरट्या प्रतीबद्दल तर बोलायलाच नको. कॉपीराइट कायद्यात जाणूनबुजून अशी प्रत वापरणाऱ्यालाही तुरुंगवास आहे, केवळ विकणाऱ्याला नाही.

आता एक बारीकशी गोष्ट, जिच्याकडे कोणीच बघत नाही. लायसन्स कोणाच्या ईमेलवर नोंदवलं आहे? विक्रेता घाईत स्वतःचाच पत्ता घालतो, नाहीतर हिशेबनिसाचा. पुढे हिशेबनीस नोकरी सोडतो, संगणक बदलायची वेळ येते आणि जुन्या यंत्रावरचं लायसन्स सोडवून नव्यावर घ्यायला परवानगीचा निरोप जातो त्या माणसाकडे. माझ्या एका अशिलाला त्यापायी आठवडाभर खेटे घालावे लागले. मालकाचा किंवा फर्मचा ईमेल द्या आणि संगणक फॉरमॅट करण्याआधी लायसन्स सोडवून घ्या. वार्षिक वर्गणी संपली म्हणून घाबरू नका. टॅलीचं विकत घेतलेलं लायसन्स वर्गणी संपल्यावरही चालू राहतं. नव्या आवृत्त्या आणि जोडसेवा तेवढ्या थांबतात. भाड्यानं घेतलेलं मात्र मुदतीबरोबर संपतं.

बोहरी आळीतल्या त्या व्यापाऱ्यांनी पुढे फरकाची रक्कम भरून एका सिल्व्हरचं गोल्ड करून घेतलं. काउंटर आणि माळा आता एकाच वहीत लिहितात. दुसरं सिल्व्हर त्यांच्या मुलानं धायरीला वेगळी फर्म काढली, तिथे वापरात आलं. लक्ष्मीपूजनाला दोन्ही संगणकांना हळदकुंकू लागतं आणि मला पेढे मिळतात. पण लायसन्सचा विषय निघाला, की ते अजून म्हणतात, "साहेब, तुम्ही आमचे अठरा हजार वाचवले होते, आठवतंय ना?"