डब्यावरचा दावा

बाळाला वरचे दूध द्यावयाचे तर कोणते, हा प्रश्न एके काळी घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया सोडवीत. आता तो बहुधा डब्यावरील मजकूर सोडवितो. गाईच्या दुधातील प्रथिनांचे वावडे काही अर्भकांना असते, हे खरे. मग त्या प्रथिनांचे आधीच तुकडे केलेली भुकटी पाजल्यास पुढे इसब होणार नाही, असे कोणी सांगितले तर कोणती आई चार पैसे अधिक मोजणार नाही?

या आश्वासनाचा इतिहास उद्बोधक आहे. कॅनडातील मेमोरियल विद्यापीठाचे रणजित चंद्रा यांनी १९८९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या भुकटीला अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध केले. विद्यापीठाच्या चौकशी समितीने १९९५ मध्ये त्यांच्यावर संशोधनातील गैरवर्तनाचा ठपका ठेवला. पण तो अहवाल बाहेर आला नाही. निबंध मागे घेतला गेला तो २०१५ साली, म्हणजे सव्वीस वर्षांनी! पुढल्याच वर्षी त्याच नियतकालिकाने अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला. अशा दुधाने ॲलर्जी टळते, याला सुसंगत पुरावा त्यात आढळला नाही.

विक्रेत्याला मालाची माहिती असते, ग्राहकाला नसते, हे आम्ही वर्गात शिकवितो. येथे तर खरा ग्राहक दोन दिवसांचा असतो! अशा बाजारात संशोधनाचा खर्च विक्रेत्यानेच उचलावा काय? आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने अर्भकांच्या दुग्धपर्यायांच्या जाहिरातीस बंदी घातली. २००३ च्या दुरुस्तीने डॉक्टरांच्या परिषदांना व संशोधनाला उत्पादकांनी पैसा पुरविण्यासही मनाई केली. ही दुसरी तरतूद मला अधिक मोलाची वाटते. तिची चर्चा मात्र क्वचितच होते.

आईच्या दुधाने ॲलर्जी हमखास टळते असेही नाही. त्याची महती जुलाब व न्यूमोनियापासून मिळणाऱ्या संरक्षणावर भक्कम उभी आहे. वावडे सिद्ध झालेल्या बाळाला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने खास भुकटी द्यावीच लागते.

जपानमधील एका चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. ॲलर्जीचा धोका असलेल्या ज्या बाळांना जन्मानंतर किमान तीन दिवस गाईच्या दुधाची भुकटी दिली नव्हती, त्यांच्यात पुढे अन्नाची ॲलर्जी कमी आढळली. एकाच चाचणीवर फार विसंबू नये. पण न देण्याच्या या उपायात कोणाला नफा नाही, म्हणून त्याचा प्रचारही कोणी करणार नाही. ‘अजून दूध उतरले नाही’ म्हणून पहिल्याच रात्री बाटली मागविली जाते. त्याआधी चीक पाजण्यास मदत करणारी परिचारिका प्रत्येक प्रसूतिगृहात खाटेशी असावी, एवढी तरतूद सार्वजनिक खर्चातूनच व्हावी लागेल.