आरोपित मेंदूपेशी : लेखांक ७
हंगामी जनुकाचा गुण

रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसराची हकीकत या खेपेस सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु निपाणीकडील एका तंबाखू-उत्पादक वाचकांनी विचारलेला प्रश्न इतका मर्मग्राही आहे की, त्या विषयास आणखी एका सप्ताहाची मुदतवाढ देणे मला भाग पडत आहे. ते विचारतात, सूक्ष्मकणांनी पेशीत नेलेले जनुक काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत मुके होते आणि विषाणूने नेलेले वर्षानुवर्षे राबते, असे तुम्हीच लिहिलेत. तर मग हा अर्धामुर्धा उपाय हवा कशाला?

श्रावण-भाद्रपदात तंबाखूचा तरवा उपटून रानात लावल्यावर, मुळे जीव धरीपर्यंत त्या रोपाची जी जपणूक हे गृहस्थ स्वतः करीत असतील, ती सबंध हंगामभर ते खचित करीत नसतील. मेंदूत आरोपिलेल्या पेशींचे मरणही असेच आरंभी ओढवते. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत गर्भातील पेशी आरोपण्याचा उपक्रम स्वीडनमधील लुंड येथे १९८७ साली सुरू झाला. परंतु अशा आरोपणात डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशींपैकी शेकडा ५ ते २०च तगतात, आणि उरलेल्यांपैकी बहुतेक पहिल्या काही दिवसांतच नष्ट होतात. शेजारच्या पेशींचा आधार तुटलेला, प्राणवायूची टंचाई, सुईने झालेल्या इजेचा दाह आणि पोषक प्रथिनांचा अभाव, अशी चहूंकडून आपत्ती येते. ती ओसरेपर्यंत जी पेशी टिकली, ती पुढे वर्षानुवर्षे टिकू शकते.

१९९३ साली शोध लागलेले जीडीएनएफ हे प्रथिन अशा पेशींना तगवते, हे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. मग त्याचे जनुक कायमचेच का बसवू नये? याचा जबाब लुंडच्याच संशोधकांनी २००२ साली दिला. विषाणूच्या द्वारा उंदरांच्या मेंदूत हे प्रथिन दीर्घकाळ अतिरिक्त प्रमाणात निर्माण करविले असता, तंतूंना भलत्याच ठिकाणी धुमारे फुटले आणि ज्या विकरावाचून डोपामिन तयार होत नाही त्याचेच प्रमाण घटले. म्हणजे संकटकाळी जे तारक, तेच कायम राहिले तर कर्तव्याच्या आड येणारे!

सूक्ष्मकणातून गेलेले जनुक सामान्यतः पेशीच्या गुणसूत्रांत शिरत नाही, बाहेरच राहते. म्हणून पेशी दुभंगताना त्याची नक्कल निघत नाही आणि कालांतराने ते विरून जाते. नागपूर विद्यापीठात शिकलेले विनोद लाभसेटवार यांनी अमेरिकेतील नेब्रास्का येथे सहकाऱ्यांसह २००२ साली अशा कणांचे एक विलक्षण वर्तन दाखविले. शस्त्रक्रियेतील विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीच्याच बहुवारिकाचा हा कण. पेशी त्याला गिळून ज्या आम्लधर्मी पिशवीत कोंडते, तेथे त्याचा ऋण विद्युत्भार पालटून धन होतो आणि सुमारे दहा मिनिटांत तो पिशवीतून निसटतो. पुढे तो सावकाश झिजतो, त्याची आम्ले शरीर पचवून टाकते, आणि आतील जनुक हप्त्याहप्त्याने मोकळे होते.

अर्थात या पद्धतीने मेंदूपेशींना हात देण्याचे काम अद्याप प्रयोगशाळेच्या आणि प्राण्यांच्या हद्दीतच आहे. प्रौढ मज्जापेशी परके जनुक सहजासहजी स्वीकारीत नाहीत. शिवाय एकाच थाळीतील एका पेशीत पुष्कळ कण शिरतात, तर दुसरी कोरडीच राहते. म्हणून पेशी कोवळ्या असताना, मेंदूत सोडण्यापूर्वीच थाळीत त्यांना हे जनुक द्यावे, हा मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो. कारण त्यात कोणत्या पेशींनी जनुक स्वीकारले हे आरोपणापूर्वी तपासून घेता येते, आणि फसलेली खेप रुग्णाच्या डोक्यात न जाता थाळीतच टाकून देता येते.