दान कवड्यांचं, चाल आपली

‘‘मला मेलीला दानच पडत नाही!’’ सारीपाट मांडला की हे वाक्य ठरलेलं. मुंबई-गोवा महामार्गावरच्या आमच्या पालीत कोजागिरीला आत्या, काकू, वहिनी खेळायला बसल्या की हरणारी प्रत्येकजण कवड्यांनाच बोल लावते. जिंकणारी मात्र ‘कवड्यांनी जिंकवलं हो’ असं कधी म्हणत नाही. तेव्हा तिची अक्कल असते!

सारीपाट ही तशी लढाईच. चार रंगांच्या सोळा सोंगट्या, पाठलाग, मारामारी आणि फुलीच्या घरात आसरा. दान आपल्या हातात नाही, पण कुठली सोंगटी हलवायची हे आपल्याच हातात. आमची एक आत्या शत्रूच्या पुढे तीन घरांवर आपली सोंगटी सहसा ठेवत नाही. ‘‘तीन लई पडतात गो,’’ म्हणते. हिशेब तिच्याच बाजूने आहे. सहा कवड्या उताण्या-पालथ्या मिळून ६४ प्रकारे पडू शकतात. दोन्ही बाजू सारख्याच पडतात असं धरलं, तर तीन उताण्या पडण्याचे प्रकार २०, सहाही उताण्या पडण्याचा एकच. म्हणजे नशिबाचाही अंदाज बांधता येतो, आणि डावपेच म्हणतात तो यालाच.

खऱ्या सेनापतींनाही हे उमगलं होतं. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावरचा युद्धखेळ आणला. त्यात गोळीबाराने किती हानी झाली ते फाशांवर ठरे. रणांगणावर सगळंच मनासारखं होत नाही, हे अधिकाऱ्यांना खेळातच कळावं म्हणून.

बायकांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट मात्र लिव्हरपूलची. जर्मन पाणबुड्या मालवाहू बोटी बुडवत होत्या, तेव्हा १९४२ साली ब्रिटिश नौदलाने तिथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या हाताखाली युद्धखेळाचं केंद्र काढलं. जमिनीवर समुद्र आखून, छोट्या बोटी सरकवून डाव चालवायच्या त्या नौदलातल्या तरुण मुली. त्या स्वतः कधी युद्धनौकेवर लढल्या नव्हत्या. तरी ॲडमिरल मॅक्स हॉर्टन पाणबुडीच्या बाजूने खेळायला बसले, तेव्हा जॅनेट ओकेल या मुलीने त्यांना पुन्हा पुन्हा हरवलं. तिथे तयार झालेले डावपेच पुढे खऱ्या समुद्रात वापरले गेले.

मैत्रिणींनो, हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आपल्या तोंडी सतत असणारा ‘नशीब’ हा शब्द. आमच्या शेजारणीचं शिक्षण बारावीनंतर थांबलं. ‘‘नशिबात नव्हतं,’’ ती म्हणते. खरं तर गुण चांगले होते, म्हणजे दान पडलं होतं. सोंगटी मात्र घरातल्या मोठ्यांनी हलवली, तिला न विचारता. दुसऱ्याने खेळलेल्या चालीला आपण किती सहज नशीब म्हणून मोकळ्या होतो!

वाईट दान पडतंच. आजारपण येतं, पीक जातं. अशा बाईला ‘तुझंच चुकलं’ म्हणणं हा अन्याय आहे. पण दान कुठलं आणि चाल कुणाची, एवढं तरी वेगळं करून बघावं.

शेजारणीची मुलगी यंदा बारावीला आहे. पुढे रत्नागिरीला शिकायला जायचं म्हणते. या वेळी घरात बोलणं निघालं, की आईनेही त्यात बसावं, एवढंच मी तिला सांगितलंय.